आंघोळघरातले दोन टॉवेल

आधीच सांगते, मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारी बाई नाही. आमचं घर नागपूरचं, आंबेडकरी. भूतखेत, अंगात येणं, श्राद्ध, पिंड, यातलं काहीच आमच्या उंबरठ्याच्या आत कधी आलं नाही. पप्पा शाळेत विज्ञान शिकवायचे. गल्लीत कुणी लिंबू-मिरची टांगली की ती काढून त्या लिंबाचं सरबत करून प्यायचे. त्यामुळे वाचून कुणी हसलं तर मला राग येणार नाही. मीही हसले असते.

पप्पांना जाऊन दोन वर्षं झाली. तेव्हा मी इथे अमेरिकेत, सांता क्लारात नुकतीच नोकरी बदलली होती आणि व्हिसाचे कागद अडकले होते. वकील म्हणाला, आत्ता देश सोडलात तर परत यायची गॅरंटी नाही. मी गेले नाही. पप्पांचा अंत्यविधी लॅपटॉपवर पाहिला, तोही अडकत अडकत.

आणि एक गोष्ट मी आजवर कुणालाच सांगितलेली नाही – ना नवऱ्याला, ना आईला. ते गेले त्याच्या काही तास आधी त्यांचा मला फोन आला होता. इथे सकाळची टीम मीटिंग चालू होती. मी म्हटलं, "पप्पा, मीटिंगमध्ये आहे, नंतर करते." ते म्हणाले, "बरं. नंतर." ते अंगणातून बोलत होते, आई आत झोपली होती. मी नंतर फोन केलाच नाही... कामात विसरले. पप्पा त्या रात्री झोपेतच गेले.

यंदा मार्चमध्ये आई आली. तिचे गुडघे दुखतात, हाताची बोटं तर इतकी आखडलीत की साधा रुमाल पिळता येत नाही. म्हणून मी डोंगरातल्या एका जपानी पद्धतीच्या सराईत एका रात्रीसाठी खोली बुक केली. नैसर्गिक गरम पाण्याचा झरा, जमिनीवर चटया, सरकती दारं. घरापासून चार तासांचा ड्राइव्ह. सराईचं नाव मुद्दाम देत नाही, त्या लोकांची यात काही चूक नाही.

मालकीणबाई सत्तरीच्या, जपानी वंशाच्या. त्यांनी नियम समजावले. खासगी आंघोळघर पाऊण तास आपलं. आत जाताना सपाता दाराबाहेर काढायच्या. जितके जोड बाहेर तितकी माणसं आत असं त्या धरतात आणि बाजूच्या, हात जाईल एवढ्याच खिडकीतून तितके टॉवेल आतल्या फळीवर ठेवतात. बस्स, इतकंच.

संध्याकाळचे पाच वाजले होते, चांगलं ऊन होतं. मी आईला आत सोडलं, पाण्याच्या काठावर बसवलं आणि बाहेर आले. ती एकटीच आंघोळ करणार, माझ्यासमोर तिला लाज वाटत होती. मी बाहेरच्या बाकावर मांडी घालून बसले. सवयीने माझ्याही सपाता तिच्या सपातांशेजारी नीट लावून ठेवल्या. आपल्याकडे दाराशी चपला दिसल्या की आपलीही तिथेच निघते, त्यातलाच प्रकार. आईनं आतून अडसर लावल्याचा आवाज आला. तोही सवयीनंच.

दहा मिनिटांनी आतून आईचं बोलणं ऐकू यायला लागलं. फोन तर तिचा माझ्या पर्समध्ये होता.

"अहो, हात द्या जरा," ती म्हणाली. मग पाण्याचा आवाज. मग हसली. दोन वर्षांत मी तिला तसं हसताना ऐकलं नव्हतं. दुसरा आवाज मला ऐकू आला नाही, हे स्पष्ट सांगते.

मग ती म्हणाली, "बाहेरच बसून राहिली ती. बोलवू का?"

मी बाकावरून उठले.

"नाही न हो, आज मीटिंग नाहीये तिची."

मी दार ठोठावलं. "आई, दार उघड." अडसर सरकला नाही. गरम पाण्यात चक्कर तर आली नसेल, या भीतीनं मी दोन्ही हातांनी दार बडवलं. मालकीणबाई धावत आल्या. जुना लाकडी अडसर, बाहेरून उघडायची सोयच नव्हती. त्याही माझ्यासारख्याच दाराला हात लावून उभ्या राहिल्या.

"पप्पा," मी म्हटलं. बाईंच्या समोर, मोठ्यानं. "पप्पा, मी मोकळी आहे. बोला न."

आतून आईचा आवाज आला, अगदी शांत. "नंतर? बरं."

पाच मिनिटांनी तिनं दार उघडलं. चेहरा लालबुंद, केस ओले. "काऊन रडून राहिली व?" मला म्हणाली. "मी डोळे मिटून पडली होती गुपचूप. किती बरं वाटलं माहीत आहे!"

"कुणाशी बोलत होतीस?"

"कोणाशी बोलू बाई? एकटीच तर होती."

मी आत गेले. दोन जोड पाहून बाईंनी फळीवर दोन टॉवेल ठेवले होते. आईचा टॉवेल खुंटीवर ठिबकत होता. दुसरा शेजारच्या खुंटीवर होता. पिळून पिळून दोरखंड केलेला, वेटोळंही सुटलं नव्हतं. पप्पा टॉवेल असाच पिळायचे. आई त्यावरून चिडायची, की कापड फाटतं.

आई महिन्यानं नागपूरला परतली. तिला विचारायचं तर तो फोन सांगावा लागेल आणि ते माझ्याच्यानं होत नाही. पप्पांच्या फोनमध्ये तिनं माझा नंबर पाहिला असेल, असं म्हणून बघितलं. पण मीटिंगचं कुठे लिहिलेलं असतं? श्राद्ध घालून मन मोकळं करावं तर तेही आमच्यात नाही. पप्पांनाच ते आवडलं नसतं.

स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. कुणाकडे असेल तर सांगा. ते 'नंतर' म्हणाले, 'नको' नाही म्हणाले, अशी मी मनाची समजूत घालते... पण त्या दिवशी मीही 'नंतर'च म्हटलं होतं.