उष्टं माउथपीस

भोकरच्या सुदामला लग्नाच्या दिवशी सकाळी काही विचारण्यात अर्थ नसायचा. क्लॅरनेटची पत्ती, म्हणजे फुंकल्यावर थरथरते ती बोरूची चपटी काडी, आधी चांगली ओली व्हावी लागते. ती जिभेखाली धरूनच तो घरातून निघायचा. बायको पंचफुलाबाई दारातून विचारायची, "कवा येताव?" तो नुसता हात हलवायचा. तीस वर्षं हे असंच. हात हलला की ती समजायची, आज गडी वाजवणार.

निवृत्तीच्या बँडमधला तो मुख्य वाजवणारा. वरात त्याच्या सुरावर चालायची, थांबायची, नाचायची. दुसरं काही त्याला फारसं येत नव्हतं आणि येण्याची कधी गरजही पडली नव्हती.

यंदा ऐन लग्नसराईत क्लॅरनेटच्या माउथपीसला, म्हणजे पत्ती बांधून तोंडात धरायच्या टोकाला, तडा गेला. डिंक लावून झाला, दोरा गुंडाळून झाला. निवृत्ती म्हणाला, "दादा, रविवारी लग्न हाय. क्लॅरनेट बोललं न्हाई तर मला कीबोर्डवाला बघावा लागंल." सुदामनं नांदेडची गाडी धरली.

दुकान झकपक होतं. शेठ फोनवर होता आणि बराच वेळ फोनवरच राहिला. मग सुदामच्या हातातल्या क्लॅरनेटकडं न बघताच त्यानं नव्या माउथपीसची एक डबी पुढं सरकवली.

"शेठ, एकडाव वाजवून बघतो."

"तोंडाला लावायचं नाही. उष्टं झाल्यावर कोण घेणार?"

"पर पत्ती बसंल का न्हाई, कळंल कसं?"

"कंपनीचा माल आहे. घ्यायचं तर घे."

निम्म्या वयाचा माणूस अरे-तुरे करत होता. सुदामनं डबी घेतली.

घरी येऊन पत्ती बांधली तर ती माउथपीसवर नीट टेकेचना. वारा बाजूनं निसटायचा, सुराऐवजी किंकाळी निघायची. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा दुकानात हजर झाला.

"फुंकलंस ना?" शेठनं विचारलं.

"फुंकलं."

"मग उष्टं झालं. परत घेत नाही. बाजूला हो, गिऱ्हाईक आहे."

गिऱ्हाईक म्हणजे इस्त्रीच्या शर्टातले एक साहेब. त्यांना बासरी हवी होती. त्यांनी एक उचलली, ओठाला लावली, फुंकली, ठेवली. दुसरी उचलली. तिसरी. शेठ प्रत्येक बासरी न पुसता पुन्हा खोक्यात घालत होता. "निवांत बघा सर," म्हणून त्यानं चहाही मागवला.

अशा वेळी माणसानं काउंटरवर हात आपटावा, चार शब्द सुनावावेत. निदान मला तरी असं वाटतं. सुदामला काहीच वाटलं नाही. एकाच मांडीवर फार वेळ बसल्यावर पाय बधिर होतो ना, तसं आत झालं होतं. सातवी बासरी होईपर्यंत तो उभा होता. मग डबी पिशवीत टाकून स्टँडवर गेला.

रविवारी लातूरहून दयानंद कीबोर्ड घेऊन आला. बटण दाबलं की भोंग्यातून क्लॅरनेट निघायचं. निवृत्तीला आपल्या माणसाचं वाईट वाटलं असावं. तो म्हणाला, "दादा, तुमी ड्रेस घाला अन् पुढंच उभं ऱ्हावा. क्लॅरनेट तोंडाला लावून. वरातीला शोभा पायजे की."

सुदाम पुढं उभा राहिला. बोटं सगळी बरोबर हलवली. फुंकलं मात्र नाही. कुणाच्याही ध्यानात आलं नाही. नवऱ्याचा मामा नाचत नाचत येऊन त्याच्या कानाशी ओरडला, "लई गोड वाजवून राहिलात!" सुदामनं मान हलवली.

बुधवारी पुढचं लग्न होतं. बँडचा लाल कोट घालून तो निघाला. पंचफुलाबाई दारात फडकं पिळत होती. सवयीनं तिनं विचारलं, "कवा येताव?"

"जेवणं झाली की येतो," सुदाम म्हणाला.

फडकं हातात तसंच धरून ती त्याच्या तोंडाकडं बघत राहिली.