गांडुळांचा स्वयंपाक

आमच्या शेजारच्या भाऊजींचा जन्म वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात गेला. शंभर पोरांचा रस्सा ते नुसत्या वासावरून उतरवायचे. निवृत्त झाले आणि घरात खाणारी तोंडं उरली दोन. एक त्यांचं, दुसरं वहिनींचं. त्यातलं वहिनींचं खाण्यापेक्षा बोलायलाच जास्त उघडतं. हे मी त्यांच्या तोंडावरही सांगते.

मग भाऊजींनी गांडुळं आणली. रोपवाटिकेतून मूठभर, ओल्या फडक्यात, तान्ह्या बाळासारखी जपून. गॅलरीच्या सावलीतल्या कोपऱ्यात तळाला भोकं पाडलेला क्रेट, खाली पाणी निथळायला जुनी परात. क्रेटमध्ये वर्तमानपत्राच्या भिजवून पिळलेल्या पट्ट्या, दोन मुठी माती, वर गोणपाट.

"अंधार आणि ओल, एवढंच मागतात बिचारी," भाऊजी म्हणाले.

"आणि वहिनी काय मागतात?" मी विचारलं.

उत्तर आतूनच आलं. "एक जरी घरात दिसलं ना, तर क्रेटसकट बाहेर! सांगून ठेवते!"

भाऊजींना ऐकूच गेलं नाही. दुपार कलली की गोणपाटाची कड उचलून ते स्टुलावर बसून राहायचे. वाळत घातलेल्या चादरींतून ऊन गाळून यायचं, आणि खाली ते तांबूस दोरे मातीत बुडायचे, वर यायचे, पुन्हा बुडायचे. कुठून सुरू होतात, कुठे संपतात, पत्ता लागायचा नाही. भाऊजींच्या पापण्या जडावायच्या. "कधी खातात, दिसतच नाही," ते पुटपुटायचे. "भाजीची सालं घातली होती तिथे माती असते. झोपेत घडल्यासारखं." हसायला म्हणून मी एकदा डोकावायला गेले, तर इकडे माझं गॅसवरचं दूध उतू जाऊन करपलं.

आणि एका सकाळी वहिनींची किंकाळी आली. धावत गेले. उंबऱ्यावर गांडुळं, पायपुसण्यावर गांडुळं, एक तर वहिनींच्या चपलेत ऐसपैस पसरलेलं.

"पोटभर घालतो, तरी का निघाली?" भाऊजी पांढरेफटक.

मी क्रेटमध्ये पाहिलं. सालं एकसारखी बारीक चिरलेली, वाफवलेली.

"भाऊजी, यात काय घातलंत?"

"काही नाही गं. चवीपुरतं मीठ."

"मीठ? गांडुळांना?"

"मग काय अळणी वाढू?"

रोपवाटिकेवाल्याने बजावलं होतं, नुसती कच्ची सालं घाला, मिठाने त्यांच्या ओल्या अंगाची आग होते. पण आचाऱ्याच्या कानात मिठाविरुद्धचं बोलणं शिरेल तर शपथ!

वहिनींनी पदर खोचला आणि क्रेट उचलला. भाऊजी आडवे आले नाहीत. नुसते भिंतीला टेकून उभे राहिले, पंगत उठल्यावर उभं राहावं तसे.

वहिनी थबकल्या. "माझं मीठ डॉक्टरांनी तोडलं. मला मुकाट अळणी वाढता, 'छान झालंय, खा' म्हणता. आणि या किड्यांची एवढी दया?"

"तुझ्यात घालता येत नाही," भाऊजी म्हणाले. "हात पुढे जातो, मागे घेतो. रोज. म्हणून..."

त्यांनी क्रेटकडे बोट दाखवलं.

वहिनींनी क्रेट खाली ठेवला. खारट सालं खरवडून काढली, पट्ट्या फेकल्या. "नवे कागद भिजवा, बघत काय बसलात?" भाऊजींनी कागद फाडले, भिजवले, पिळले. वहिनी पुठ्ठ्याच्या तुकड्यावर एकेक गांडूळ उचलत होत्या. पहिलं नाक मुरडून, दुसरं डोळे बारीक करून. पुढची नुसतीच.

मग त्यांनी दुधीची कच्ची सालं वर पसरली आणि गोणपाट ओढता ओढता आत वाकून हळूच म्हणाल्या, "खा गं बायांनो. सुरुवातीला घशाखाली उतरत नाही. मग होते सवय."