दस्तगीर मिस्त्री आणि दिल्लीची कुस्ती

दस्तगीर मिस्त्री कुणाच्याही घरी आला की आधी टीव्हीच्या पाठीवर तळहात ठेवायचा, मग बसायचा. पाठ तापलेली असली की म्हणायचा, "लई लाइट खातंय हे." उचगावात रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं त्याचं एवढंसं दुकान. तोंड मात्र मोठं. आपल्या हातचा सेट बिघडला हे त्यानं जन्मात कबूल केलं नाही. दोष लाइटीचा, नाहीतर गिऱ्हाइकाचा.

गल्लीतला पहिला रंगीत टीव्ही मी आणला. चित्र असं, की ताटातली भाजी कुठली ते ओळखावं. दस्तगीरनं हात लावला आणि हसला. "आप्पा, हा पैलवान हाय. ह्याला खुराक लागतोय. सांजच्याला मळ्यातल्या पाण्याच्या मोटारी सुरू झाल्या की लाइट उतरंल, उपाशी मरंल बघा. माझा काळा-पांढरा भाकरीवर राबतोय."

"तुझ्या डब्यात तांबडं-निळं एकच दिसतंय," मी म्हटलं. "त्याला काय टीव्ही म्हणायचं व्हय?"

यावर आमचं कधी पटलं नाही. त्याचं म्हणणं मला आजही पटत नाही.

त्याचा पोरगा यासीन गादीवरच्या कुस्तीला दिल्लीला गेला. टीव्हीवर दाखवणार म्हणून सारी गल्ली माझ्या घरच्या सोप्यात जमली. दस्तगीर आला तो काखेत आपला छोटा टीव्ही घेऊन आणि पोरांच्या हातात ट्रॅक्टरची बॅटरी देऊन. मला राग आला, पण पोरगा त्याचा होता. त्याला जागा करून दिली.

लाल कपड्यातला यासीन निळ्या कपड्यातल्या गड्यासमोर दिसला, शिट्ट्या वाजल्या, आणि तिकडं मोटारी सुरू झाल्या. चित्र चारी बाजूंनी आक्रसलं, रंग उडाले, पडदा काळा. दस्तगीरनं झटक्यात वायरी जोडल्या. त्याच्या वीतभर पडद्यावर कुस्ती लागली होती, पण दोघंही करडे. केस तसेच, अंगं तशीच. बोलणारा इंग्रजीत बोलत होता. एकानं दुसऱ्याला उचलून पाठीवर टाकलं तशी गल्ली उसळली. "यासीननं मारली!" एकजण गुलाल आणायला पळाला.

"बसा खाली," दस्तगीर म्हणाला. "खालचा माझा हाय. डावा खांदा आधी टाकतोय. किती सांगितलं त्याला."

"अरं, ह्या करड्यात तुला काय कळतंय?" मी म्हटलं.

त्यानं बॅटरीच्या वायरी काढल्या. दुसऱ्या दिवशी पेपरात त्याचंच खरं निघालं.

यासीन परत आला तेव्हा आम्ही दुकानासमोरच होतो. पोरगा मान वर करेना. हळूच म्हणाला, "अब्बा, बघितलं व्हय तुम्ही सगळ्यांनी?"

"कुठलं बघतोस! आप्पाचा टीव्ही लाइटीनं मेला."

"आणि तुमचा?"

दस्तगीरनं आमच्या सगळ्यांवरनं एकदा नजर फिरवली. "माझाबी बंद पडला. आत वायर तुटली. कुणाला कायबी दिसलं न्हाय. चल, जेवून घे."

यासीननं मान वर केली. गल्लीतल्या कुणीही दस्तगीरला खोटं पाडलं नाही.

पुढं यासीन चारचौघांत बापाला चिडवायचा, "अब्बांचा टीव्ही, नेमका माझ्या कुस्तीला मेला!" सगळे हसायचे. दस्तगीर मरेपर्यंत ते ऐकून घेत होता.