आपला कितवा हाय?

रविवारी संध्याकाळी शर्यत सुरू व्हायच्या आधीच बाबा टीव्हीसमोर येऊन बसायचे आणि विचारायचे, "बाई, आपला कितवा हाय?"

मोटारींच्या शर्यतीचं हे वेड खरं तर माझं. पुण्याच्या हॉस्टेलमध्ये लागलं आणि नोकरीसाठी मेहकरला परत आले तेव्हा माझ्यासोबत घरी आलं. उघड्या चाकांच्या, जमिनीला पोट टेकवून पळणाऱ्या त्या गाड्या बघून बाबा आधी हसले होते. "याच्यात शिटा कुठं हायेत बाप्पा?" बाबा एसटीचे ड्रायव्हर. डोळ्यांच्या तपासणीत अडकले, म्हणून निवृत्तीआधीची तीन वर्षं त्यांना गाडी मिळाली नाही, डेपोतच काढावी लागली. त्या वर्षांबद्दल ते बोलत नसत आणि मीही विचारत नसे.

मी जिंकणाऱ्याच्या बाजूची. आजवर माझे तीन लाडके बदलले आणि प्रत्येक वेळी मला त्याचं चांगलं कारणही सापडलं. बाबांनी मात्र पहिल्याच महिन्यात शेवटून दुसरा येणारा एक जण धरला, तो धरलाच. त्याची गाडी रडकी होती. पुढचे एक अख्खी फेरी जास्त मारून त्याला मागून गाठायचे, कडेला निळा झेंडा हलायचा आणि तो निमूट बाजूला व्हायचा. टीव्हीवर तो दिसायचा तेवढाच, दोन-तीन सेकंद. बाकी कॅमेऱ्याला पुढच्यांमधून सवड नसायची. बाबा तेवढ्यावरही खूश. "पाह्य, कशी बाजू देते. राजूर घाटात मांगून हॉर्न आला तं बाजू द्याव, त्याच्यात काई लहानपन नाई. गाडी भंगार हाय, पोरगं लाखाचं हाय."

उरलेला सगळा वेळ तो पडद्याच्या डाव्या कडेला असायचा. तिथे सगळ्या ड्रायव्हरांची उभी यादी असते, प्रत्येकाच्या नावाची तीन इंग्रजी अक्षरं. मोतीबिंदू वाढला तशी ती अक्षरं बाबांना दिसेनाशी झाली. रंग दिसायचे, काहीतरी पळतंय एवढं दिसायचं. इंग्रजी समालोचन बाबांना कळत नसे, म्हणून टीव्हीचा आवाज बंदच असायचा. मग यादी वाचायचं काम माझ्याकडे आलं. ऑपरेशनचं नाव काढलं की बाबा भडकायचे, कारण ओळखीतल्या कोणाचा तरी डोळा ऑपरेशननंतर गेला होता. दोन वर्षं मी विनवण्या केल्या, भांडले, अबोला धरला. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, आणखी उशीर कराल तर नजर परत येईलच असं नाही.

आणि ऐन हंगामात बाबांच्या त्या ड्रायव्हरला त्याच्या संघानं काढून टाकलं. त्याच्या जागी एक नवा मुलगा आला. गाडी तीच, रंग तोच. बातमी मी ऑफिसात मोबाइलवर वाचली आणि घरी जाऊन सांगायचं ठरवलं. सांगितलं नाही. रविवारी बाबांनी विचारलं, "आपला कितवा हाय?" आणि माझ्या तोंडून निघालं, "चौदावा."

"चौदावा? वा रे पठ्ठ्या!"

मी असं का केलं, मला आजही नीट सांगता येत नाही. दया आली म्हणावं तर दयेत इतकी घाई नसते. कदाचित नुसता कंटाळा असेल, त्यांना समजावत बसण्याचा. एकदा सुरू झालं आणि मग थांबेना. नव्या मुलाचा नंबर मी जुन्याच्या नावावर सांगत राहिले. गाडी तीच आहे ना, म्हणजे पूर्ण खोटं नाही, असं मनाला समजावलं. नवा मुलगा भिंतीवर जाऊन आदळला त्या दिवशी काय सांगावं ते सुचेना. शेवटी "बाद झाला" म्हटलं, तर बाबा जेवले नाहीत. पुढे एकदा तो आठवा आला, तेव्हा बाबांनी मला जिलबी आणायला पिटाळलं. ती खाताना मला कळेना की ही जिलबी नक्की कोणाची. कधीकधी तर मीच विसरायचे, आणि तो जुनाच माणूस त्या गाडीत बसलाय असं मलाही वाटायला लागायचं.

त्याच रविवारी जिलबीचा हात पुसता पुसता बाबा म्हणाले, "आठवा आला म्हंजे गंमत नाई. आता त्याले माह्या डोयानं पाह्यतो. ने मले दवाखान्यात."

मला रडू आलं. आनंदानं की भीतीनं, देव जाणे. दोन वर्षं ज्यासाठी डोकं फोडलं ते माझ्या थापेनं एका मिनिटात करून दाखवलं होतं. खरं सांगावं तर ते ऑपरेशनला नाही म्हणतील. न सांगावं तर नजर येताच पहिल्यांदा माझं खोटं दिसेल. बुलढाण्याला जाताना चिखलीच्या स्टँडवर बस थांबली, तेव्हा मी "बाबा" म्हणून सुरुवात केली. ते म्हणाले, "काऊन भिऊन राह्यली वं? ऑपरेशन माह्यं हाय." मी पाण्याची बाटली त्यांच्या हातात दिली.

ऑपरेशन चांगलं झालं. काही दिवसांनी डॉक्टरांनी टीव्ही बघायची परवानगी दिली आणि रविवारी बाबा काळा चष्मा काढून शर्यत बघायला बसले. त्यांनी यादी वरून खाली वाचली, ओठ हलवत. मग खालून वर वाचली.

"बाई, आपला कुठं हाय?"

"काढलं त्याले."

"कवा?"

"तीन मैने झाले."

बाबांचा आवाज चढला नाही. चढला असता तर मला सोपं गेलं असतं.

"मले गाडीवरून उतरवलं तवा डेपोतल्या पोट्ट्याइनं असंच केलतं," ते म्हणाले. "रोज सांगत, काका, उद्या लागन तुमची ड्यूटी. चांगले पोट्टे होते. मनाले लागू नये म्हून सांगत. मी दोन मैने खाकी घालून, डबा घेऊन जात होतो. बाकावर बसत होतो, वापस येत होतो. सगळ्याइले मालूम होतं. एकट्या मलेच नाई."

मी काहीतरी बोलायला गेले. "तुमी ऑपरेशन केलं नसतं, बाबा."

"नसतं केलं," ते म्हणाले. मग पुन्हा यादीकडे वळले. "आता तू नोको सांगू. मले दिसते."

शर्यत आम्ही अजूनही एकत्र बघतो. कोण कितवा, हे बाबांनी मला त्यानंतर एकदाही विचारलेलं नाही.