पहाट, वीटभट्टी, सात सैनिक

बोटभर उंचीच्या सैनिकाच्या पायात चुकीचे बूट आहेत, हे माझ्या काकांना पलीकडच्या खोलीतून दिसतं. स्वतःच्या पायात एक निळा आणि एक काळा मोजा आहे, हे मात्र काकू ओरडेपर्यंत कळत नाही.

"अहो, पाय बघा पाय!"

"असू दे. बुटाच्या आत कोण बघतंय?"

"तुम्ही बघता की! त्या मेल्या शिशाच्या बाहुल्यांच्या बुटात डोकावता, आणि स्वतःच्या नाही."

काका म्हणजे माझ्या बाबांचे थोरले भाऊ. आमच्या समोरचं दार त्यांचं. मी शाळेतून आले की आधी तिकडेच, कारण तिकडे जेवणाच्या टेबलावर पाच-पन्नास सैनिक बुचांवर टोचून उभे असतात आणि काका भिंग लावून त्यांची हजेरी घेत असतात. टायरच्या दुकानावरच्या मजल्यावर एक छोटा कारखाना आहे, तिथे हे सैनिक ओततात. त्यांना खेळणी म्हटलं तर मॅनेजरसाहेबांना लागतं. नाकातून बोलतात ते, आणि दर वाक्याला एक "म्हणजे बघा" लावल्याशिवाय त्यांची गाडी पुढे सरकत नाही. "खेळणी नव्हेत हं. म्हणजे बघा, संग्राह्य प्रतिकृती."

दर महिन्याला नवे संच निघतात. कधी घोडदळ, कधी तोफ आणि तिचे चार गडी, कधी बँडवाले. बाजारात जाण्याआधी प्रत्येक संचाचा नमुना काकांकडे येतो. रंग नाही, नुसता करड्या अस्तराचा हात. काका चिठ्ठीवर चुका लिहितात: "दुसरा गडी, पट्ट्याचं बक्कल उलटं. चौथा, बाहीवर बटण एक जास्त." चिठ्ठी परत गेली की दुरुस्ती होते, मगच खोकं छापायला जातं. गिऱ्हाईक सगळं निवृत्त. हातात वेळ भरपूर आणि चष्मा चांगला. एक बटण चुकलं की तीन पानी पत्र येतं. म्हणून कारखान्याला काका हवेत, आणि म्हणून कारखान्यात त्यांचं नाव खुसपटकाका. नाव त्यांनी लावूनही घेतलंय. फोन उचलला की म्हणतात, "हं, खुसपट बोलतोय."

एवढं ज्ञान आलं कुठून? तर काका बावीस वर्षं सैन्यात कोठीवर होते. गणवेश द्यायचा, परत घ्यायचा, सही घ्यायची. "मी लढाई पाहिली ती फक्त परत आलेल्या कपड्यांच्या डागांत," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. खालच्या आवाजात सुरू करायचं, 'डागांत'वर थोडं थांबायचं आणि मग खो खो हसायचं. घरातल्या प्रत्येक कार्यात एकदा तरी व्हायचंच. आम्हीही हसायचो. आता ते वाक्य कोणी काढत नाही.

यंदा थंडी संपता संपता समितीची माणसं आली, तिथून ते बंद झालं. एकतीस वर्षांपूर्वी, सरहद्दीकडच्या गडबडीच्या हिवाळ्यात, एका वीटभट्टीवरचे एकोणीस मजूर रात्री होते आणि सकाळी नव्हते. सैन्याचं म्हणणं, आमची कुठलीच तुकडी तिकडे फिरकली नाही. आता दोन वर्षांपासून चौकशी समिती बसली आहे आणि त्या भागात नोकरी केलेल्या जुन्या सैनिकांची दारं वाजवत फिरते आहे. आमच्याकडे दोघं आले. एक बोलणारा, एक लिहिणारा. काकांनी सांगितलं, "त्या रात्री मी कोठी सोडली नाही." लिहिणाऱ्याने लिहिलं, काकांनी सही केली. खाली बारीक अक्षरात छापलं होतं, की हे खोटं निघालं तर तुरुंग. काकूने चहा दिला, दोघांनी घेतला, चांगला झालाय म्हणाले. ते गेल्यावर काकूने भर दुपारी दाराला कडी लावली.

आणि दोन महिन्यांनी मॅनेजरसाहेब नव्या संचांचा छापील कागद घेऊन आले. सगळ्यात खाली, ठळक: 'पहाट, वीटभट्टी. सात सैनिक, एक भिंत.'

काकूने तो उभ्याउभ्याच वाचला. "हे कोणाचं डोकं?"

"आपल्या मातीवाल्या बाईंचं," साहेब म्हणाले. मातीवाली बाई म्हणजे मूळ आकृत्या घडवणारी. पाच महिन्यांपूर्वी लागली होती. "म्हणजे बघा काकू, विषय पेपरात आहे. धातू गरम आहे तोवरच ओतायचा असतो."

"आणि सात हे कोणी मोजले?"

"गाडीवाल्याने. तो लांबून बघत होता ना, त्याची साक्ष छापून आली. सात जण, वर्दीतले. म्हणजे बघा, त्यापलीकडे कोणालाच काही माहीत नाही. जे कोणी असतील ते बोलत नाहीत."

काका तोफेच्या गड्यांची चिठ्ठी लिहीत होते. मान वर न करता म्हणाले, "पाठवा नमुना."

काकू स्वयंपाकघरात गेली. नळ सोडला. बराच वेळ नळ वाहत होता, आणि भांडं एकही वाजलं नाही.

नमुना आला. सात करडे सैनिक, मागे अर्धी भिंत. काकांनी एकेक उचलला, भिंगाखाली फिरवला, जागेवर ठेवला. दुसऱ्या दिवशी पुन्हा. मी पाहत होते. इतकी वर्षं त्या टेबलाला चिकटलेय, मलाही थोडंफार कळतं. त्या संचात ढळढळीत चुका होत्या. खांद्यावर पलटणीचे आकडे कोरलेले, डोक्यावर उन्हाळी टोप्या, आणि बूट तर असे चकचकीत की जणू लग्नाला निघालेत.

"काका, ऐन हिवाळ्यात उन्हाळी टोपी?"

"ठीक आहे."

काकांच्या तोंडून ठीक आहे! दवाखान्यात डॉक्टरच्या कोटाची शिवण उसवलीय म्हणून तपासून न घेता परत आलेला माणूस हा. 

चिठ्ठी कोरी गेली. साहेबांचा फोन लगेच. "काका, एकही खुसपट नाही? म्हणजे बघा, ताप आहे का?"

"नाही."

"मग खोकं गुरुवारी छापायला टाकतो. बाईंना एकदा तुम्हाला भेटायचंय म्हणतात. समोरासमोर."

काकांनी फोन ठेवला तो दोनदा. पहिल्यांदा बसलाच नाही.

काकू मात्र त्या संध्याकाळी फार बोलली. पडदे धुवायचे, गच्चीचं गळतं, बहिणीकडे महिनाभर जाऊन येऊ, हवापालट होईल. मधेच काकांच्या खांद्यावरून हात फिरवत म्हणाली, "कोरीच बरी. कधी कधी कोरी चिठ्ठी बरी असते हो." काका ताटात बघत होते. जेवले नाहीत. भाताचे ढीग केले. मी मोजणार नव्हते, पण सात होते.

बुधवारी दुपारी दोघं आले. साहेब आणि मातीवाली बाई. चाळिशीची, किरकोळ, नखांत सुकलेली माती. ती बोलायची कमी आणि "बरं" म्हणायची फार. एक बरं म्हणजे कळलं, एक बरं म्हणजे पटलं नाही, आणि एक असं, की त्यानंतर समोरच्याला बोलत राहावंच लागतं. काकूने पाणी दिलं. "बरं." साहेब म्हणाले, मला घाई आहे. "बरं."

मग ती काकांना म्हणाली, "कोरी चिठ्ठी आली."

"हो. चांगला झालाय संच."

"बरं." हे तिसरं होतं.

"म्हणजे चांगलं काम आहे. घड्या छान आल्यात कपड्यांच्या."

"मग असाच जाऊ दे," बाई म्हणाली. "पाचशे नग निघतील. पाचशे कपाटांत जातील. लोक नातवंडांना दाखवतील, हे बघ, असं झालं होतं. आणखी तीस वर्षांनी तेच खरं असेल. तुम्हाला तर माहीत आहे काका, एकदा धातूत गेलं की कोण बदलतंय."

काकांनी पहिला सैनिक उचलला. ठेवला. पुन्हा उचलला. दात दुखत असला की माणूस जिभेने तोच तोच दात चाचपतो ना, तसं चाललं होतं त्यांचं.

"टोप्या," ते म्हणाले.

"अहो!" काकू.

"टोप्या लोकरीच्या. कानावर ओढलेल्या."

काकू घाईने पुढे आली. हसली, पण नुसत्या ओठांनी. "कोठीतूनच दिल्या असतील ना हो? यांना कोठीचं सगळं तोंडपाठ बाई. कोणाला कधी काय दिलं ते."

"हो. कोठीतून," काका म्हणाले. "आकडे खांद्यावर नकोत. काढून घेतले होते. जमा केले, सह्या घेतल्या."

"ते पण कोठीतच," काकू म्हणाली.

"कोठीत. आणि हातमोजे. नवे. सगळ्यांना नवे हातमोजे दिले होते, ते परत आले नाहीत." काकांनी चिठ्ठ्यांचं पुडकं ओढलं आणि लिहायला लागले. पेन्सिल कशी चालत होती सांगू? सुटल्यासारखी. "बॅटऱ्या तीन. एकीतले सेल जुने, तिचा उजेड पिवळा होता."

"सेल कोठीतूनच देतात," काकू म्हणाली. आता तिचा आवाज चिरकला होता. "कुठले जुने, कुठले नवे, कळतंच की त्यांना."

साहेबांच्या लक्षात काही येत नव्हतं. ते खुशीत. "वा काका! म्हणजे बघा, हे खरं खुसपट!"

बाई टेबलावर दोन्ही हात पालथे ठेवून बसली होती.

"बूट," काका म्हणाले. "घोट्यापर्यंत चिखल. लाल. भट्टीच्या मागे माती भिजवायचा खड्डा होता, तिथून यावं लागायचं."

काकूने तोंड उघडलं. कोठीत लाल चिखल कुठून आणायचा? मला तिची ती धडपड दिसत होती. वाटलं, आपण तरी काहीतरी सुचवावं. सुचलं नाही. "परत आलेल्या बुटांवर..." ती म्हणाली, "डाग... परत आले तेव्हा..."

"हा तिसरा इथे नाही," काका म्हणाले. त्यांनी तिसरा सैनिक बुचासकट उचलला आणि भिंतीच्या दुसऱ्या टोकाला ठेवला. "हा भट्टीच्या तोंडाशी होता. उबेला. खोकत होता सारखा. आणि भिंत एवढी उंच नाही. कमरेएवढी. पलीकडचं सगळं दिसायचं."

 साहेबांच्या आता डोक्यात उजेड पडायला लागला असावा. त्यांचं "म्हणजे बघा" निघालं, पण पुढचं वाक्य आलंच नाही.

काकू खुर्चीत बसली. तिने हात जोडले नाहीत, रडली नाही. एवढंच म्हणाली, "सही केलीय तुम्ही."

"केलीय."

"तुरुंग लिहिलंय त्यावर."

"वाचलंय मी."

"मग बस करा ना. माझ्यासाठी बस करा."

काकांनी तिच्याकडे पाहिलं. मला वाटलं, झालं, थांबले. पेन्सिल खाली ठेवलीसुद्धा. पण नजर पुन्हा त्या सात करड्या माणसांवर गेली, आणि मग जे म्हणाले ते नेहमीच्या, चिठ्ठी वाचून दाखवतानाच्या आवाजात.

"एक कमी आहे."

"गाडीवाल्याने सात सांगितले," बाई म्हणाली.

"त्याला उजेडातले दिसले. आठवा बॅटरीच्या मागे होता."

बाईने पिशवीतून मातीचा गोळा काढला. लिंबाएवढा असेल. कागद सोडवला आणि बोटांनी मळायला लागली. बोटं अजिबात थरथरत नव्हती, मी मुद्दाम पाहिलं.

"तो काय करत होता?"

  काका खुर्ची मागे सारून उठले, टेबल आणि खिडकीच्या मधे उभे राहिले. डावा हात छातीशी आडवा धरला, तळवा वर, त्यावर जणू जाड वही उघडी आहे असा. उजव्या हाताचं बोट तिच्यावर टेकवलं. मान जराशी पुढे. एरवी कायम ताठ उभा राहणारा माणूस, त्याला असं वाकलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

"भट्टीचं हजेरीबुक," ते म्हणाले. "कोणाला बाहेर काढायचं ते त्यावरून. वाचता येणारा माणूस हवा होता. स्पष्ट वाचणारा. मला म्हणाले, कोठीवाल्या, तू चल."

"उंची?" बाईने विचारलं.

"माझ्याइतकी."

"तसेच उभे राहा. हलू नका."

ती घडवायला लागली. आधी पाय, मग धड. काका हलले नाहीत. काही वेळाने त्यांचं बोट त्या नसलेल्या पानावरून एक ओळ खाली सरकलं, आणि ते वाचायला लागले. आवाज मोठा नव्हता, पण मोकळ्या जागेत ऐकू जावा असा होता. मला काकांचे सगळे आवाज काढता येतात. फोनवरचा, कार्यातला, ताटात पावटा दिसला की वैतागलेला. हा मला येत नाही.

पहिलं नाव. ते हाक मारल्यासारखं म्हणायचं, मग तो माणूस चालत यायला लागेल एवढा वेळ थांबायचं. दुसरं. तिसरं. साहेब दाराकडे सरकले होते, पण दार उघडायचं धाडस त्यांना होत नव्हतं. काकू उठली, खिडकी लावली, आणि काकांच्या शेजारी जाऊन उभी राहिली. त्यांच्या पायाकडे बघत.

पाचव्या नावाला बाईचे हात थांबले.

काका थांबले नाहीत. बोट खाली सरकलं. अजून चौदा नावं होती.