बर्केटचा चोरकप्पा

लँकेस्टरच्या गोदीमागच्या कारखान्यात एडमंड बर्केट तीस वर्षं बायकांची लिहायची मेजं घडवत होता. हात सोन्याचे, पण डोळे कायम शेजारच्या बाकावर काम करणाऱ्या साइलस टॉमलिनकडे. साइलसला कुणी नुसतं 'वा' म्हटलं, तरी त्या दिवशी बर्केटला घास गिळवत नसे.

म्हातारा मुकादम वारला आणि खिडकीजवळची जागा रिकामी झाली. महोगनीची रेघ न् रेघ दिसावी असा तिथला उजेड. मालक म्हणाले, "लॅथमबाईंना मेज हवंय. दोघांनी एकेक करा, आणि एकमेकांचा चोरकप्पा शोधा. ज्याचा सापडणार नाही, त्याची खिडकी."

नवऱ्याला न दाखवायची पत्रं बायकांनी ठेवायची कुठे? कुणाची पत्रं, ते आपण कशाला विचारायचं!

झालं! बर्केटच्या साइलसकडे खेपा सुरू. कधी लाकूड चिकटवायला सरस हवा, कधी पटाशी.

"का रे, तुझा सरस संपतो तरी किती?"

"तुझा जरा पातळ वाटतो. बघून घेतो."

या बघण्यात तीन आठवडे गेले. स्वतःचं मेज त्याने चार दिवसांत उरकलं. चोरकप्प्याला वाळून मुरलेलं ओकचं लाकूड शोधायला सवड कुणाला? हाती आलं ते ओलसर लाकूड रंधलं आणि केसही शिरणार नाही इतकं घट्ट बसवलं.

लॅथमबाई आल्या त्या आठवड्यात खाडीवरून दमट वारं सुटलं होतं. बर्केटने साइलसच्या मेजावरचा बारका शोभेचा खांब दाबला. टक्! कप्पा बाहेर.

"काय नजर आहे हो तुमची!" बाई म्हणाल्या.

"तीन आठवड्यांची आहे, बाईसाहेब," साइलस म्हणाला.

मग साइलस तासभर बर्केटचं मेज ठोकत, चाचपत बसला आणि शेवटी त्याने हात टेकले. बर्केटची छाती फुगली.

"आता उघडून दाखवा," बाई म्हणाल्या.

बर्केटने कळ दाबली. पुन्हा दाबली. गुद्दा मारला, पाय लावून ओढलं. आत लाकूड फुगून बसलेलं, ढिम्म हलेना.

"मला पत्रं ठेवायचीत, मास्तर, पुरायची नाहीत!"

बाईंनी साइलसचं मेज नेलं. उघडतच नाही तो कप्पा मालकांनी धरला नाही; खिडकी साइलसलाच मिळाली.

घरी बायको डॉर्कस बटाटे वाढता वाढता म्हणाली, "अहो, तीन आठवडे माझ्याकडे असं टक लावून बघितलं असतंत, तर निदान मी तरी खूश झाले असते."

बर्केटने ताट पुढे ओढलं. "ते राहू दे. टॉमलिनकडे आज काय शिजलंय, कळलं का?"