मावशी बघायला येण्याआधीच

गेल्या भाऊबीजेला, ऊन उतरायच्या वेळी, दोन बायकांवर अन्याय झाला. एक पाचूबंदरची मासे विकणारी मावशी. दुसरी माझी मोठी बहीण, जी रांगोळीत माणसांचे चेहरे काढते. मी पाण्याच्या आणि रस्त्यांच्या प्रश्नांवर पत्रकं लिहिणारी मुलगी. कोणावर, कधी, हे आधी सांगायची सवय आहे.

आमच्या जूचंद्रमध्ये दिवाळीत शाळेचे वर्ग रिकामे करून रांगोळ्यांचं प्रदर्शन भरतं. पंखे बंद, खिडक्या बंद, माणसं दोरीपलीकडून बघत पुढे जातात. चेहऱ्यातले डोळे ताई सगळ्यात शेवटी भरायची. प्रदर्शन भरवणाऱ्या मंडळाच्या ऑनलाइन पेजसाठी ती रोज व्हिडिओ करू लागली तेव्हा तिला सांगण्यात आलं, सुरुवातीलाच डोळे दिसले नाहीत तर लोक पुढे सरकतात. मग ती डोळे आधी भरू लागली. जेवताना फोन ताटाशेजारी. व्हिडिओखाली कोणीतरी लिहायचं, 'ही रांगोळी नाहीच, स्टिकर चिकटवलाय'. आधी ती उत्तर द्यायची. नंतर नुसतीच वाचायची, घास तोंडात तसाच.

त्या वर्षी तिने आमच्या गल्लीत मासे घेऊन येणाऱ्या मावशीला चेहरा काढण्यासाठी समोर बसवलं. मावशी म्हणाली, "बसते, पन घरच्यांना घेऊन बघायला येनार." भाऊबीजेची संध्याकाळ ठरली.

त्या दिवशी ऊन कलताना मंडळाचं पेज सांभाळणारा दादा आला.

"ताई, आता पुसून टाक. पुसतानाचा व्हिडिओ सगळ्यात जास्त चालतो. उजेड पण मस्त आहे."

"अरे, लोक यायचेत अजून."

"लोक इथे आहेत." त्याने फोन हलवला. "संध्याकाळी कोण, तेच गावातले चार."

आमच्याकडची रीत अशी, की रांगोळी पुसायची ती काढणाऱ्यानेच, आणि प्रदर्शन संपल्यावर. तरी ताईने झाडू घेतला. मी चहा घेऊन पोचले तेव्हा मावशीच्या कपाळापर्यंत झाडू आला होता. ताईच्या तोंडावर राग नव्हता, वाईट वाटल्याचंही काही नव्हतं. ओटा पुसावा तसं चाललं होतं.

मावशी आली. नवी साडी, अंबाड्यात फूल, मागे सुना, नातवंडं. दोरीपलीकडे रिकामी फरशी.

"मला कोनी पुसली गो?"

दादाने तत्परतेने व्हिडिओ लावून फोन पुढे केला. मावशीने डोळे बारीक केले. "एवढीशी? माझ्या पाटीतली मांदेली मोठी हाय ह्याच्यापरीस."

सुना हसल्या. ताई हसली नाही. व्हिडिओ जोरात चालला म्हणे. तिने तो उघडलाच नाही.

त्यानंतर रंगांचे डबे माळ्यावर गेले. ताई कामावर जायची, यायची, झोपायची. विचारलं तर म्हणायची, "बरं आहे." मावशी मात्र दारात पाटी उतरवून ओरडायची, "ए पोरी, परत काढ मला! नायतर बोंबील देनार नाय."

एकदा ताई म्हणाली, "काढेन. बघणार कोण?"

हा प्रश्न माझ्या कामातला होता. मंडळाच्या पेजसाठी व्हिडिओ करणं आम्ही बंद केलं. मी एका कागदावर जागा, वार, वेळ छापली, बस्स. मावशीने ते कागद बंदरावर मासळीच्या लिलावाच्या गर्दीत स्वतः वाटले, "मी दिसनार हाय, या" असं दरडावत. मी रविवारी मिस्सा सुटल्यावर चर्चबाहेर ते वाटत उभी राहिले. बेकरीवाल्याने पावाच्या पिशव्यांसोबत दिले. येणाऱ्यांनी नंबर दिला तर पुढच्या प्रदर्शनाआधी एक निरोप जाईल. त्यापलीकडे काही नाही. रोज कोणाच्या दारात जाऊन 'मी आहे, मी आहे' म्हणायचं नाही.

ताई पुन्हा रंग चाळायला बसली आहे. पण तिने मला सांगून ठेवलंय, "खोली रिकामी राहिली तर हे शेवटचं." उद्या दूधवाला येणार नाही, हे सांगावं त्या आवाजात. ती ओरडली असती तर मला इतकी भीती वाटली नसती.

म्हणून तुम्हाला सांगते. तुम्ही तो पुसण्याचा व्हिडिओ पाहिला असेल, अंगठ्याने पुढे ढकलला असेल. आता येत्या रविवारी संध्याकाळी जूचंद्रच्या शाळेत या. फोन खिशात ठेवा. दोरीजवळ थांबा, मावशीकडे नीट बघा, आणि ताई शेजारीच उभी असेल, तिला तुम्हाला काय दिसलं ते सांगा.